व्यावसायिक शिक्षणातून एमबीबीएस: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीनंतर किमान कौशल्य, आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा अकरावी-बारावीला द्विलक्षी विषय घेतलेल्या मुलांचे फोन वर्षभर येतात आणि निकाल लागले की त्यांना उधाण येतं. कळवा, दिवा, ऐरोली, कोपरखैरणे, पनवेल, फोन कुठूनही आला तरी प्रश्न तेच असतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते; खालची उत्तरं त्याच बोलण्यातून जमवलेली आहेत. आपल्याला लागू असलेला प्रश्न वाचा, आणि तिथून दुसऱ्या प्रश्नाकडे पाठवलं असेल तर तोही वाचा. प्रवेशाची माहितीपुस्तिका दरवर्षी नव्यानं निघते. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची पुस्तिका उघडायचीच, शेजारच्या मुलाच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जायचं नाही.

१. एचएससी व्होकेशनल करून डॉक्टर होता येतं का? हो की नाही तेवढंच सांगा.

नुसत्या त्या प्रमाणपत्रावर नाही. पण ते प्रमाणपत्र आड येतं असंही नाही. एमबीबीएससाठी बारावीच्या पातळीवर चार विषय उत्तीर्ण लागतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी. त्यावर नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा. हे चार विषय आधीच्या बारावीत नसतील तर नंतर देता येतात. शाखेचं नाव काय होतं हे कुणी विचारत नाही, गुणपत्रिकेत हे चार विषय आहेत का एवढंच बघतात. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. आमच्या मुलाचं शिक्षण ‘व्यावसायिक’मध्ये मोडतं का? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात. अकरावी-बारावीला पूर्ण व्यावसायिक शाखा घेतली असेल तर ती एचएससी व्होकेशनल. जुने लोक अजूनही तिला किमान कौशल्य किंवा एमसीव्हीसी म्हणतात (प्रश्न ३). विज्ञान शाखेत राहून इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, मत्स्य प्रक्रिया असा दोनशे गुणांचा विषय घेतला असेल तर ते द्विलक्षी, म्हणजे बायफोकल, आणि त्याचा मामला बराच सोपा आहे (प्रश्न ७). दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निक केलं असेल तर प्रश्न ८. डी.फार्म., डीएमएलटी, जीएनएम हे बारावीनंतरचे फार्मसी, लॅब आणि नर्सिंगचे अभ्यासक्रम, त्यांच्यासाठी प्रश्न ९. सीबीएसईत स्किल विषय घेतला असेल तर प्रश्न १०.

३. मॅडम, मुलीनं किमान कौशल्यमध्ये मेडिकल लॅबचा कोर्स केला. रक्तगट, हिमोग्लोबिन, स्लाइड सगळं येतं तिला. मग बायोलॉजी झाली असं का धरत नाहीत?

तिची गुणपत्रिका समोर घ्या आणि विषयांचा रकाना वरून खाली वाचा. इंग्रजी, एक भाषा, पायाभूत अभ्यासक्रम आणि त्याखाली व्यवसाय विषयाचे पेपर. ‘जीवशास्त्र’ हा शब्द कुठेही नाही. भौतिक आणि रसायनही नाही. कागदपत्रं तपासणारा माणूस तिला सुई टोचता येते का हे बघत नाही, तो हा रकाना वाचतो.

मला स्वतःला हे थोडं अन्यायाचं वाटतं. वर्गातल्या कित्येक विज्ञानवाल्यांनी बारावी संपेपर्यंत रक्ताचा थेंब काचपट्टीवर नीट पसरवलेला नसतो. पण दुसरी बाजूही खरी आहे. वनस्पतिशास्त्र, आनुवंशिकता, परिसंस्था, सेंद्रिय रसायन, प्रकाशशास्त्र यांतलं तिनं काहीही केलेलं नाही, आणि नीटचा पेपर नेमका यावरच असतो. तिचं प्रमाणपत्र वाया गेलेलं नाही, त्यावर नोकरी लागते. एमबीबीएसच्या दारात मात्र ते दाखवण्याचा उपयोग नाही. तिथं प्रश्न ४ आणि ५ मधला रस्ता.

४. बारावी झाल्यावर वेगळे विषय दिलेले चालत नाहीत असं क्लासवाले म्हणतात. खरं काय?

एके काळी खरं होतं. अकरावी-बारावी अशी दोन सलग वर्षं नियमितपणे पीसीबी, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, शिकलेलं हवं, असा नियमाचा अर्थ लावला जाई. नंतर सुटा विषय म्हणून जीवशास्त्र दिलेल्यांचे अर्ज बाद होत आणि प्रकरणं कोर्टात जात. मुक्त विद्यालयाची बारावीही चालत नसे. ती बंदी दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केली.

२०२३ मध्ये पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षणाची नवी नियमावली आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, म्हणजे एनएमसीनं, जाहीर सूचना काढली: मान्यताप्राप्त मंडळाची बारावी झाल्यानंतर भौतिक, रसायन, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे आवश्यक विषय अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केले तरी उमेदवार नीटला पात्र. नीट २०२४ पासून हे लागू आहे. क्लासमधली जुनी माहिती त्याआधीची आहे. ही सूचना एनएमसीच्या संकेतस्थळावरून उतरवून तिची प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवा, पडताळणीच्या टेबलावर तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं.

‘मान्यताप्राप्त मंडळ’ या दोन शब्दांकडे मात्र डोळेझाक नको. ‘एका महिन्यात बारावी सायन्स’ अशा जाहिराती रेल्वे स्टेशनाबाहेर चिकटवलेल्या दिसतात, त्यातली काही मंडळं कुणाच्याच यादीत नसतात.

५. मग हे विषय द्यायचे कुठून? राज्य मंडळ की एनआयओएस?

किती विषय राहिलेत त्यावर ठरवा.

फक्त जीवशास्त्र राहिलं असेल तर राज्य मंडळाची सोय आहे. मंडळाच्या जाहीर प्रकटनात नियमित, पुनर्परीक्षार्थी, खासगी, श्रेणीसुधार यांच्या जोडीला ‘तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारे’ असा विद्यार्थ्यांचा एक प्रकार असतो, तो तुमचा. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो. ठाणे, पालघर, रायगड आणि मुंबई हे जिल्हे मुंबई विभागीय मंडळाखाली येतात आणि त्याचं कार्यालय वाशीला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. महाविद्यालयातल्या लिपिकाला हा प्रकार माहीत नसेल तर वाशीहून खात्री करून घ्या.

तिन्ही विज्ञान विषय राहिले असतील, म्हणजे एचएससी व्होकेशनलवाल्यांचं असतं तसं, तर माझा कौल राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेला, म्हणजे एनआयओएसला. तिथं आधीच बारावी झालेल्याला हवे तेवढेच विषय घेता येतात. भौतिकशास्त्र ३१२, रसायनशास्त्र ३१३, जीवशास्त्र ३१४, इंग्रजी ३०२ हे विषयांचे क्रमांक. अर्ज ऑनलाइन, महाराष्ट्राचं प्रादेशिक केंद्र पुण्याला, अभ्यासकेंद्र मात्र आपल्या जवळचं निवडता येतं. ते महाराष्ट्रातलंच निवडा. का ते प्रश्न १३ मध्ये.

इंग्रजी तर व्होकेशनलच्या बारावीत झालेलंच आहे, मग पुन्हा कशाला, असं मुलं विचारतात. झालेलं इंग्रजी झालेलंच आहे. तरी मी चारही विषय एका मंडळातून द्यायला सांगते. एका गुणपत्रिकेवर चारही विषय दिसले की पडताळणीला प्रश्नच उरत नाही.

वेळापत्रक जपा. एनआयओएसची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नीट मे महिन्याच्या सुरुवातीला असते. एप्रिलची परीक्षा घेतली की दोन्ही एकमेकांच्या अंगावर येतात आणि निकाल प्रवेशफेरीच्या तोंडावर लागतो. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरला बारावीचे विषय आटोपून पुढचे महिने फक्त नीटला देणारी मुलं मला निर्धास्त दिसली आहेत.

६. प्रॅक्टिकलचं काय? घरी बसून कसं होणार?

घरी बसून होत नाही, आणि लोक इथंच फसतात. राज्य मंडळाच्या जीवशास्त्रात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं आहे. एनआयओएसमध्ये लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. अभ्यासकेंद्राला प्रवेशाआधीच विचारा: प्रयोगशाळा आहे का, तासिका कधी, जर्नल कोण तपासणार. काही केंद्रं ‘परीक्षेच्या आधी दोन दिवस या, सगळं करून देतो’ म्हणतात. अशा केंद्रावरून उठून दुसरीकडे जा.

कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन हा प्रयोग पाहा. टोक कापायचं, आम्लात किंचित गरम करायचं, रंगवायचं, काचपट्टीवर ठेवून वरून अंगठ्यानं दाबायचं. दाब कमी पडला तर पेशी एकावर एक राहतात, जास्त पडला तर आवरणकाच तडकते. पहिल्या दिवशी कुणालाच गुणसूत्रं दिसत नाहीत. परीक्षकासमोर पहिल्यांदा हे करायला घेतलं तर हात थरथरतो, हे दरवर्षी पाहते. किमान कौशल्यमधून लॅबचं शिकून आलेली मुलं इथं मात्र बाजी मारतात. सूक्ष्मदर्शक त्यांना नवा नसतो.

७. माझं बायफोकल आहे. मला पुन्हा बारावी करावी लागेल का?

बहुधा नाही. द्विलक्षी विषयाचे दोनशे गुण दुसऱ्या भाषेच्या आणि एका ऐच्छिक विषयाच्या जागी येतात. तो ऐच्छिक विषय कोणता गेला एवढंच बघा. गणित सोडून जीवशास्त्र ठेवलं असेल तर तुम्ही सरळ पात्र आहात, बाकीच्या विज्ञानवाल्यांसारखे. दोनशे गुणांचा व्यवसाय विषय तुमच्या नीटच्या पात्रतेत भरही घालत नाही आणि आडही येत नाही.

जीवशास्त्र सोडलं असेल, आणि कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाले बहुतेक ते सोडतात, तर तेवढा एक विषय तुरळक म्हणून द्या (प्रश्न ५, प्रात्यक्षिकासाठी प्रश्न ६). अशा मुलांचं भौतिक-रसायन पक्कं झालेलं असतं आणि नीटमध्ये भल्याभल्यांची गाडी भौतिकशास्त्रातच अडकते.

८. मुलानं दहावीनंतर आयटीआय केलंय. आयटीआय बारावीला समकक्ष आहे ना? पुतण्याचा डिप्लोमा आहे, त्याचं?

समकक्षता कशासाठी, हे विचारायचं असतं. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर भाषा विषय देऊन, आयटीआयचं श्रेयांक हस्तांतरण घेऊन राज्य मंडळाची बारावी मिळवता येते. ती बारावी नोकरीला, पोलीस भरतीला, कला-वाणिज्य पदवीला चालते. तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र नसल्यानं नीटला ती एकटी पुरत नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमाही तसाच. तो थेट दुसऱ्या वर्षाच्या अभियांत्रिकीला चालतो, वैद्यकीयच्या अर्जात त्याला रकानाच नाही.

दोघांनीही एनआयओएसमधून पाच विषयांची पूर्ण बारावी करावी, त्यातले चार प्रश्न १ मधले. दहावीनंतर दोन वर्षं उलटलेली असल्यानं पाचही विषय एका वेळी देता येतात. आयटीआयच्या मुलाला मी आणखी एक गोष्ट विचारते: हातात कसब आहे, नोकरी मिळू शकते, घरची स्थिती काय? रबाळे-महापेच्या पट्ट्यात दिवसपाळी करून रात्री रसायनशास्त्र वाचणारी मुलं असतात. होतं, पण एका वर्षात होत नाही. तीन वर्षांचा हिशोब धरा आणि घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

९. डी.फार्म., डीएमएलटी किंवा जीएनएम झालंय. एमबीबीएसला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का?

नाही. एमबीबीएसला मधून शिरता येत नाही. नर्सिंगची पदवी असो, फार्मसीची असो की बीएएमएस पूर्ण झालेलं असो, नीट देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करायची. अनुभवाचे गुण नाहीत, वॉर्डात दहा वर्षं रात्रपाळ्या केल्या तरी नाहीत.

पात्रता मात्र अनेकांकडे आधीच असते आणि त्यांना ते माहीत नसतं. बारावी पीसीबी करून डी.फार्म. किंवा डीएमएलटीला गेला असाल तर तुमची ती जुनी बारावीच चालते. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, म्हणून तिथली मुलं दोन्ही प्रकारची. कला शाखेतून आलेल्या ताईंनी प्रश्न ५ पाहावा. वयाची काळजी असेल तर प्रश्न १४.

१०. सीबीएसईत मुलीनं ‘हेल्थ केअर’ हा स्किल विषय घेतलाय. तो बायोलॉजीच्या जागी धरतील?

नाही धरणार. जीवशास्त्राच्या जागी फक्त जैवतंत्रज्ञान चालतं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी असून हेल्थ केअर हा पाचवा-सहावा विषय असेल तर काहीच अडचण नाही.

११. नीटमध्ये व्होकेशनलच्या मुलांना काही सवलत? आणि किती गुण लागतात?

सवलत शून्य. सगळ्यांना एकच पेपर: १८० प्रश्न, ७२० गुण, भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. २०२५ पासून १८० मिनिटं आणि पर्यायी प्रश्न नाहीत. पेपर मराठीतूनही घेता येतो, महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. मराठी पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही असतो आणि भाषांतराचा वाद झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम मानतात. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी संज्ञा दोन्ही भाषांत पाठ कराव्यात.

पात्रतेची रेषा खुल्या प्रवर्गाला ५० वं पर्सेंटाइल आणि राखीव प्रवर्गांना ४० वं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, किती टक्के परीक्षार्थींच्या तुम्ही पुढे आहात तो आकडा, हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. पात्र ठरलात म्हणजे जागा मिळाली असंही नाही. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त जण परीक्षेला बसले आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या परवडणाऱ्या फीच्या त्याहून कमी. सरकारी जागेचा कटऑफ पात्रतेच्या रेषेपेक्षा कितीतरी वर असतो.

बारावीच्या गुणांबद्दलही विचारतात. वर्षानुवर्षे पीसीबी मिळून खुल्याला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के अशी अट असायची. त्या वर्षीची पुस्तिका काय म्हणते ते वाचा, पण काठावर पास होण्याचं लक्ष्य ठेवू नका.

१२. सायन्स कधीच केलं नाही. किती दिवस लागतील तयारीला?

दोन वर्षं. ‘सहा महिन्यांत नीट’ म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. अकरावी आणि बारावी अशा दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम नीटला असतो आणि तुम्ही दोन्ही वर्षं दुसरंच शिकलात. सुरुवात नववी-दहावीच्या विज्ञान-गणितानं करा, कुणी हसलं तरी. घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती हाताखाली नसेल तर भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडूनही उपयोग होत नाही.

पुस्तकं एनसीईआरटीचीच, आधी ती. ठाण्यात राम मारुती रोडपासून वाशीपर्यंत क्लासची रेलचेल आहे. त्यातले बरेच ‘रिपीटर बॅच’ चालवतात, ज्यात विज्ञानाची बारावी झालेली मुलं उजळणी करतात. तुमची पहिलीच वेळ आहे, तिथं बसलात तर तिसऱ्या आठवड्यात मागे पडाल. पहिल्या वर्षी अकरावीच्या नियमित बॅचमध्ये बसू द्या असं सांगा.

१३. आम्ही खारघरला राहतो. राज्य कोट्यासाठी डोमिसाइल ठाण्यातून काढायचं की पनवेलहून? आणि मुलाची दहावी कर्नाटकातली आहे.

खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर हे ठाणे तालुक्यात. पत्ता नवी मुंबईचा म्हणून सगळे एकाच तहसील कार्यालयात जातात आणि परत पाठवले जातात. अर्ज ‘आपले सरकार’वरून होतो, तालुका बरोबर निवडा.

महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षामार्फत आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राज्य कोट्यासाठी सर्वसाधारण अट अशी की महाराष्ट्राचं अधिवास हवं आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून हवी. एनआयओएसचं केंद्र महाराष्ट्रातलं घ्या असं मी प्रश्न ५ मध्ये म्हटलं, ते यासाठी. तुमच्या मुलाची दहावी बाहेरची आहे. वडील केंद्र सरकार किंवा संरक्षण दलात असतील तर त्यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत, ती पुस्तिकेत शोधा. नसतील तर त्याला अखिल भारतीय कोटा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं हे मार्ग खुले राहतात.

आपल्या भागात सरकारी, खासगी आणि अभिमत अशी तिन्ही प्रकारची महाविद्यालयं आहेत: कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेचं, अंबरनाथचं शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालेलं, नेरूळचं तेरणा खासगी. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही अभिमत विद्यापीठं. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत, म्हणजे एमसीसीमार्फत होतात, डोमिसाइल लागत नाही, पण फी ऐकून खुर्चीला धरून बसावं लागतं.

राखीव प्रवर्गातून जाणार असाल तर जात पडताळणीचा अर्ज आजच करा. निकालानंतर धावपळ करणारे निम्मे लोक त्याच एका कागदासाठी धावत असतात.

१४. माझं वय २९. लग्न झालंय, सात वर्षांचा गॅप आहे. चालेल?

चालेल. वरची वयोमर्यादा एनएमसीनं २०२२ मध्ये काढून टाकली, आणि किती वेळा नीट द्यायची यालाही मर्यादा नाही. खाली मात्र मर्यादा आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. गॅपसाठी प्रतिज्ञापत्र लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव सगळीकडे वापरा आणि राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र फाइलला लावा. नव्यानं एनआयओएसचा अर्ज भरताना आधारवरचं नवं नाव टाकलं तर पुढे दहावी एका नावाची आणि बारावी दुसऱ्या नावाची होऊन बसते.

१५. एक गृहस्थ म्हणतात ‘व्होकेशनल कोट्यातून’ एमबीबीएस करून देतो, टोकन म्हणून दोन लाख द्या. असा कोटा असतो?

असतच नाही. अभिमत विद्यापीठातली व्यवस्थापनाची किंवा अनिवासी भारतीयांची जागासुद्धा नीट पात्र असल्याशिवाय आणि समुपदेशन फेरीतून गेल्याशिवाय मिळत नाही. पैसे देऊ नका. दिले असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा, लाजू नका.

१६. मग रशिया, जॉर्जियाला जाऊ का? तिकडे बारावीचे विषय बघत नाहीत म्हणे.

तिकडचं विद्यापीठ बघत नसेल, परत आल्यावर इथं बघतात. भारतात डॉक्टरकी करायची असेल तर परदेशी जाणाऱ्यालाही नीट पात्र व्हावंच लागतं, आणि नीटला पात्र होण्यासाठी प्रश्न १ मधले चार विषय हवेत. म्हणजे चक्कर मारून तिथंच. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार तिकडचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून, किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो, आणि त्याशिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. परत आल्यावर परीक्षा आहेच. नीटचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो.

१७. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये बीटेक करते. ते म्हणजे इंजिनिअरिंग ना? आणि त्यावर तिला मेडिकलला घेतात असं मामा म्हणतो.

ते आपलं बी.टेक. नव्हे. तिथं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ए-लेव्हलऐवजी घेता येणारी ती व्यावसायिक पात्रता आहे. तिथली काही वैद्यकीय महाविद्यालयं तिचा विचार करतात, बहुधा जोडीला रसायन किंवा जीवशास्त्राची ए-लेव्हल मागून. बरीच करत नाहीत. उशिरा शिकायला परतलेल्यांसाठी ‘ॲक्सेस’ नावाचा वेगळा डिप्लोमाही असतो. बहुतेक ठिकाणी यूकॅट ही चाचणी द्यावी लागते आणि मेडिकलच्या अर्जाची मुदत इतर अभ्यासक्रमांच्या आधी, १५ ऑक्टोबरला संपते. प्रत्येक महाविद्यालयाचा नियम वेगळा, म्हणून मामांनी त्या-त्या महाविद्यालयाचं प्रवेशाचं पान वाचावं. यातलं काहीही इथल्या नीटला लागू होत नाही. तिला भारतात यायचं असेल तर तिथल्या बारावीची समकक्षता भारतीय विद्यापीठ संघाकडून घ्यावी लागेल, आणि विषय तेच चार.

१८. मुलगी आत्ता दहावीत आहे. डॉक्टर व्हायचंय, पण सायन्स झेपेल का अशी भीती वाटते. आधी हेल्थचा व्होकेशनल कोर्स करून मग बघू, असा विचार आहे.

तसा विचार सोडा. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात एचएससी व्होकेशनल हा पर्याय विज्ञानाच्या जवळच दिसतो आणि ‘आरोग्य’ शब्द वाचून पालक तो निवडतात. ज्या विषयांची भीती वाटते तेच विषय तिला नंतर एकटीनं, शिक्षकांशिवाय करावे लागतील. तिनं विज्ञान घ्यावं, जीवशास्त्र ठेवावं. कामाचं कौशल्य हवंच असेल तर गणित सोडून द्विलक्षी विषय घ्यावा (प्रश्न ७). चुकून व्होकेशनलला प्रवेश झाला असेल तर अकरावीच्या पहिल्याच आठवड्यांत प्राचार्यांना भेटून शाखाबदल मागा. बारावीत गेल्यावर तो होत नाही.

१९. नीटमध्ये पात्र झाले, पण एमबीबीएसच्या जवळपासही नाही. पुन्हा वर्ष घालवू?

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस हे नीटमधूनच होतात, आणि महाराष्ट्रात फिजिओथेरपीचा प्रवेशही नीटच्या गुणांवर होतो. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी. पसंतीक्रम भरताना हे पर्याय ‘नको’ म्हणून सोडू नका. पुन्हा नीट द्यायचीच असेल तर गुण किती वाढले ते बघा. पहिल्या खेपेला २८० आणि दुसऱ्याला ४३० असतील तर तिसरी खेप मी द्यायला सांगेन. ३९० वरून ४०० वर आलात तर नाही.

२०. एनआयओएसमध्ये जीवशास्त्र आणि रसायन सुटलं, भौतिक राहिलं. पण नीटला पात्र झालो. प्रवेश मिळेल?

भौतिक सुटल्याशिवाय नाही. बारावीचा निकाल यायचा असतानाही नीटला बसता येतं, म्हणून असं घडतं. प्रवेशफेरीत कागदपत्रं तपासतात तेव्हा चारही विषय उत्तीर्ण दिसले पाहिजेत. एनआयओएसमध्ये मागणीनुसार परीक्षेचीही सोय असते. राहिलेल्या एका विषयासाठी तीच धरा आणि निकालाची तारीख पहिल्या फेरीआधी पडेल असा दिवस निवडा. तोवर मूळ गुणपत्रिकेऐवजी संकेतस्थळावरून काढलेली प्रत चालेल का, हे सीईटी कक्षाच्या मदतकेंद्राला ईमेलनं विचारा आणि आलेलं उत्तर छापून ठेवा.